इथं माणूस आहे

बसमध्ये रुमाल टाकून जागा धरणाऱ्याला मोठ्या बाई एकच प्रश्न विचारायच्या, "कोण येणार आहे?"

"माणूस आहे," एवढंच उत्तर मिळायचं. आपल्याकडे तेवढं पुरतं. गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, हाताला लागेल ते आत फेकायचं, आणि चढल्यावर शेजारच्या रिकाम्या जागेवर हात ठेवून सांगायचं, इथं माणूस आहे. विचारणारा मुकाट पुढे सरकतो. कधी माणूस खरोखर असतो, तंबाखू आणायला खाली उतरलेला. पुष्कळदा नसतो. ऐसपैस बसायचं असतं, बाकी काही नाही. यात कुणाला पाप वाटत नाही.

मोठ्या बाईंना वाटायचं. "कोण माणूस? बाई की पुरुष? कुठं चढणार?" आवाज न चढवता, गृहपाठ विचारावा तसं विचारत त्या समोर उभ्या राहायच्या. मागे खोळंबलेले लोक ओरडायचे. शेवटी तो बिचारा रुमाल उचलायचा.

"नुसता उचलू नका. म्हणा, इथं कुणी नाही."

"आँ?"

"मोठ्यानं म्हणा."

"बरं बाई, इथं कुणी नाय. झालं?"

मग त्या उभ्या असलेल्यांपैकी कुणाला तरी, शक्यतो कडेवर मूल असलेल्या बाईला, हाताला धरून तिथे बसवायच्या आणि आपल्या जागेकडे जायच्या.

देवगाव रंगारीच्या आमच्या मुलींच्या शाळेच्या त्या मुख्याध्यापिका. मी तिथे शिवण आणि कार्यानुभव शिकवायचे. आम्ही दोघीही औरंगाबादहून रोज ये-जा करायचो. सकाळची बस छावणी, दौलताबाद करत घाट चढायची, मग खुलताबाद, वेरूळ, कसाबखेडा आणि देवगाव. मी नवीन होते, त्यांचे केस पिकायला लागले होते. उंच, हाडकुळ्या, नेहमी फिक्या रंगाची सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत पाण्यानं भरलेला फिरकीचा तांब्या. लग्न केलेलं नव्हतं. औरंगपुऱ्यात दोन खोल्यांत राहायच्या. "मी एकटी राहते," हे त्या कुणी न विचारता सांगायच्या, आणि जरा जास्तच ठामपणे.

नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी बसमध्ये चढले तेव्हा माणसं दांड्यांना लोंबकळत होती आणि बाईंच्या शेजारची जागा रिकामी होती. मी बघितलं, लोक त्या जागेपर्यंत येत होते, तिच्याकडे बघत होते आणि किंचित अंग चोरून पुढे जात होते. कुणी बसलेलं असलं की आपण जातो, तसे. मला वाटलं, मुख्याध्यापिकेचा धाक असेल. मला कसला धाक नव्हता, नवीन चप्पल चावत होती.

"कुणी आहे का इथं?" मी विचारलं.

बाईंनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. असं बघितलं की मला वाटलं, मीच काहीतरी वावगं विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "कुणी नाही. बसा. लवकर बसा."

मी बसले. जागा गरम होती. कुणीतरी आत्ताच उठून गेलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

उतरताना त्या म्हणाल्या, "उद्याही इथंच बसा. रोज बसत जा." त्यात विनंती होती की हुकूम, ते मला कळलं नाही. जागा मिळत असेल तर मी हुकूमही ऐकते.

बाईंबरोबर प्रवास करणं म्हणजे रोज एक तास शिस्तीत बसणं. सीताफळाच्या दिवसांत दौलताबादला टोपल्या घेऊन बायका खिडकीशी यायच्या. बाई फळ घ्यायच्या, पण शेजारच्याला अर्धं दिल्याशिवाय फोडायच्या नाहीत, आणि बिया एकही बाहेर टाकायच्या नाहीत, कागदात गुंडाळून पिशवीत. कुणी रडत असेल तर त्याच्याकडे बघायचं नाही, तांब्या पुढे करायचा. ओळख नसलेल्याला गाव विचारायचं नाही. "पाणी हवं का, एवढं विचारावं. कुठले, कोण, हे पाण्याला कशाला लागतं?" स्वतःची पिशवी त्यांनी कधी शेजारच्या जागेवर ठेवली नाही. मांडीवर ठेवायच्या, पाय अवघडले तरी.

आमचा नेहमीचा कंडक्टर जिभेचा तिखट होता. "काय बाई, आज कितीजणांचा माणूस गायब केला?" तो विचारायचा. "आमच्या यष्टीत जित्या माणसाला उभं ऱ्हायला जागा नाय, न् तुम्ही नसलेल्याच्या मागं लागता."

"नसलेला बसला की असलेल्याला उभं राहावं लागतं," बाई म्हणायच्या.

"हे लई भारी बोलला. मोठ्या सायबाला सांगा, गाड्या वाढवा म्हनावं."

हा कंडक्टर सुट्टीवर असला आणि बदली माणूस आला, की एक गोष्ट व्हायची. मी बाईंच्या शेजारी असले तर काही नाही. पण मी कधी उशिरानं, मधल्या थांब्यावर चढले, की ती मला दिसायची. नवा कंडक्टर मागून तिकिटं फाडत येई, बाईंच्या सीटशी थांबे, एक नजर त्यांच्याकडे, एक नजर शेजारच्या जागेकडे टाकी आणि विचारी, "दोन ना?"

"एक. मी एकटी आहे."

तो पुन्हा बघे. मग काहीतरी पुटपुटत तिकीट फाडे. पहिल्यांदा मी हसले. दुसऱ्यांदा मला वाटलं, त्यांची पिशवी लांबून माणसासारखी दिसत असेल. पण पिशवी मांडीवर असायची.

देवगावच्या स्टँडवर चहाची टपरी होती. मी नसले त्या दिवशी टपरीवाला बाईंपुढे दोन कप ठेवायचा, असं कानावर आलं. मी त्याला एकदा हटकलं. "आता काय सांगू मॅडम," तो म्हणाला, "हात आपोआप जातो." दुसरा कप बाई वाटेवरच्या कुणालातरी बोलावून द्यायच्या, आणि तो पिईपर्यंत तिथून हलायच्या नाहीत.

शाळेत त्यांची ख्याती वेगळ्याच कारणानं होती. वेरूळची सहल जवळ आली की त्या व्हरांड्यात बाकं दोन-दोन करून मांडायला लावायच्या, मधे वाट ठेवून. ही बस. मला कंडक्टर करायच्या. मुली चढायच्या, उतरायच्या, सरकायच्या. "आधी उतरणाऱ्याला वाट द्या. म्हातारं माणूस दिसलं की उठा, त्यानं मागायची वाट बघू नका. मागायला लागलं की त्याचा मान गेला." चांगलंच होतं ते. आजही आमच्या शाळेच्या जुन्या मुली बसमध्ये ओळखू येतात, त्या उठतात.

एका वर्षी सातवीतल्या एका मुलीनं मैत्रिणीसाठी बाकावर रिबीन टाकली. "इथं माणूस आहे," ती ऐटीत म्हणाली, बापाचं ऐकून. बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी सगळी बस थांबवली. मुलीला "इथं कुणी नाही" म्हणायला लावलं, पुन्हा पुन्हा, पोरीचा आवाज रडवेला होईपर्यंत. मग शिपाईमामांना बोलावून त्या बाकावर बसवलं आणि शाळा सुटेपर्यंत उठू दिलं नाही. घंटाही मीच दिली. दुसऱ्या दिवशी मुलीचा बाप तणतणत आला. "पोरीला काय भ्या घालता? घरी जेवताना म्हनती, पाट मोकळा ठिवू नका!" बाईंनी ऐकून घेतलं आणि त्याला विचारलं, "मग ठेवलात का मोकळा?"

"नाय," तो ओशाळून म्हणाला. "बसलो मी."

"चांगलं केलंत."

इथवर सगळं हसण्यावारी नेता येतं. मीही नेलं. पण बियाणं विकणाऱ्या त्या तरुण एजंटाचं मला तसं नेता आलं नाही.

पौषातली थंड सकाळ होती. तो औरंगाबादलाच चढला, पांढराशुभ्र इस्त्रीचा शर्ट, हातात बॅग. बॅग ठेवली शेजारच्या जागेवर. समोर तान्हं घेतलेली एक बाई उभी होती. मोठ्या बाई उठून त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"माणूस आहे, मॅडम."

"कोण?"

"मित्र आहे माझा. दौलताबादला चढणार."

"कसा आहे दिसायला?"

गाडीत हशा पिकला. रोजच्यांना बाईंचा खेळ माहीत होता. तो पोरगा रंगात आला. "उंच आहे. काळा कोट घालतो. पान लागतं त्याला सारखं. आन् लई जाड आहे बरं का मॅडम, दोन माणसांची जागा लागती!"

"मागं घ्या," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की पुढचे ऐकायला वळले. "आत्ताच मागं घ्या. असं अंग देऊ नका त्याला."

"कोणाला?"

"म्हणा, इथं कुणी नाही."

"अहो मॅडम, येईल ना तो. माझा मित्र आहे, तुमचा नाय!"

पुन्हा हशा. कंडक्टर म्हणाला, "बाई, बसा, गाडी निघाली." बाई परत येऊन माझ्याशेजारी बसल्या. त्यांनी माझा हात धरला आणि सोडला नाही. त्या मुलाची सीट आमच्यापुढे तिरकी होती, मला तो पाठीमागून दिसत होता.

दौलताबादला चढणारे चढले. काळा कोट कुणी नव्हता. त्यानं बॅग उचलून मांडीवर घेतली. आता तिथे कुणीही बसावं, अशी ती वेळ होती. पण जे कुणी पुढे आले ते त्या जागेपाशी अंग चोरून मागे गेले. तान्ह्याची आईही उभीच राहिली. गाडी किल्ल्याच्या जुन्या वेशीतून, त्या अरुंद कमानीतून अंग घासत गेली आणि घाटाला लागली.

शिवण शिकवणारी माणसं चेहऱ्याआधी कापडाकडे बघतात. त्याचा शर्ट मला नीट दिसत होता. पहिल्या वळणाला तो थोडा सरकला. मग अजून थोडा. घाट अर्धा चढून होईतो तो सीटच्या कडेवर आला होता, एक पाय वाटेत. खिडकीच्या बाजूच्या बाहीला चुण्या पडल्या होत्या. जाड माणसाच्या शेजारी दाटीनं बसलं की इस्त्रीच्या बाहीला पडतात, त्याच, दंडापासून कोपरापर्यंत. त्या बाजूला काहीही नव्हतं. पानाचा वास येत होता, पण तो बसमध्ये नेहमीच येतो.

खुलताबादला त्यानं मान वळवून शेजारी बघायचं टाळलं. वेरूळला तो उठला आणि दाराशी जाऊन उभा राहिला. कंडक्टरनं विचारलं, "काय झालं शेठ? बसा की."

"नको. बरं आहे इथं."

कसाबखेडा मागे पडल्यावर तो बाईंजवळ आला. "मॅडम," तो म्हणाला, "आता म्हटलं तर चालतं का?"

"उशीर झालाय. पण म्हणा. तिकडं तोंड करून म्हणा."

त्यानं त्या जागेकडे बघून म्हटलं, "इथं कुणी नाही." कुणी हसलं नाही. बाईंनी उठून तान्ह्याच्या आईला दंडाला धरलं आणि तिथे बसवलं. ती टेकली आणि लगेच वर बघून म्हणाली, "अगं बाई! कसली गरम हाय जागा."

त्या थंडीत. रेक्झीनची सीट.

माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही, आजही नाही. पण त्यानंतर मी रजा कमी घ्यायला लागले, हेही खरं.

बाईंनी मला सांगितलं ते उन्हाळ्यात, दुपारी परत येताना. वेशीच्या कमानीत कडब्याचा एक ट्रक अडकला होता आणि दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग लागली होती. आम्ही उतरून तटाच्या सावलीत दगडावर बसलो. ट्रकवाल्याला चार शब्द सुनवायला मी उठणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "इथंच चढला तो."

"कोण?"

त्यांनी तांब्याची फिरकी काढली, मला पाणी दिलं आणि सरळ सांगायला सुरुवात केली.

पोलिस ॲक्शन नुकतीच झाली होती. बाई तेव्हा परकरात होत्या. दोन्हीकडची माणसं रस्त्यावर होती, कुणी गावाकडे परतत होतं, कुणी गाव सोडत होतं. बाईंचे वडील कचेरीत कारकून, चांगले, नेमस्त गृहस्थ. आई आधीच शहरात काकांकडे गेली होती. बापलेक सर्व्हिस मोटारीनं औरंगाबादला निघाले होते. खुलताबाद सोडल्यावर घाटाच्या तोंडाशी एक बाई हात वर करून उभी होती. कडेवर मूल, दुसऱ्या हातात रिकामा लोटा. ड्रायव्हरनं गाडी हळू केली आणि मागे वळून विचारलं, "साब, आपके बाजू में जगा है क्या?"

जागा होती. वडिलांनी तिच्यावर उपरणं टाकलं आणि म्हणाले, "आदमी है."

"किधर है?"

"आगे चढनेवाला है. दरवाजे पे."

गाडी निघाली. बाईंनी मागच्या जाळीतून बघितलं. ती बाई हात खाली न घेता तशीच उभी होती, वळण येईपर्यंत.

"घाट उतरला. इथं, या कमानीशी, ड्रायव्हरनं गाडी थांबवली. कुणी सांगितलं नव्हतं. खाली उतरला, आमच्या बाजूला आला, दार उघडलं. म्हणाला, 'आव मियाँ, बैठो.' दार धरून जरा थांबला. मग लावलं. आणि वडिलांना म्हणाला, 'साब, आपका आदमी बैठ गया. चलूँ?'"

"टोमणा मारला त्यानं," मी म्हणाले. "मी असते तर मीही मारला असता."

"हो. मलाही तसंच वाटलं. मी हसले. मग वडिलांनी मला मांडीवर ओढून घेतलं आणि खिडकीला चिकटून बसले. मी बघत होते. त्यांना जागा पुरत नव्हती."

मी विचारलं, "ती बाई कोण होती? कुठल्या लोकांतली?"

"माहीत नाही. वडिलांनी विचारलंच नाही. जातधर्म बघून नाही म्हणाले असते, तर निदान तेवढं कारण तरी असतं. त्यांनी तेही बघितलं नाही. त्यांना फक्त ऐसपैस बसायचं होतं."

पुढे घरात आई पान मांडताना एक जास्त मांडायची आणि मग चपापून उचलायची. वडील कुठेही एकटे जायचे तर दुकानदार विचारायचे, "तुमच्या सोबतच्यांना काय दाखवू?" ते गेले तेव्हा उशाशी बाई एकट्याच होत्या. बोलावलेले डॉक्टर आत आले, दाराशी थबकले आणि म्हणाले, "यांना जरा बाहेर थांबायला सांगता का?" बाईंनी मागे वळून बघितलं नाही.

"त्या दिवसापासून कंडक्टर मला दोन विचारतात."

ट्रक हलत नव्हता. कडब्याचा भुसा उडत होता.

"तुम्ही शेजारी बसता तोवर मला माझी जागा पुरते," त्या म्हणाल्या. "म्हणून एक मागते. माझी शेवटची गाडी निघेल, तेव्हा माझ्याजवळ कुणी बसायचं नाही. जवळचं आहे कोण? आणि कुणीतरी म्हणेलच, माणूस आहे. ते तसं राहू देऊ नका. शब्द मागं घ्यायला लावा आणि ती जागा भरा. नाहीतर मला त्याच्याबरोबर जावं लागेल, आणि ती गाडी मधे कुठं थांबत नाही."

त्यांनी हे रडून सांगितलं नाही. मी बरं म्हणाले. मग उठून ट्रकवाल्याला दोरखंड सैल करायला लावले, तेव्हा कुठे रस्ता मोकळा झाला.

त्या निवृत्त झाल्या. मी नोकरीत होतेच. रविवारी भाजी घ्यायला गेले की त्यांच्याकडे डोकवायचे. त्यांच्या घरी खुर्ची एकच होती. पाहुणा आला की त्याला खुर्ची, स्वतः सतरंजीवर. दुसरी खुर्ची का घेत नाही, असं मी कधी विचारलं नाही. आता विचारायची गरज नव्हती.

एका सकाळी शेजारणीचा निरोप आला, बाई पहाटे गेल्या. मी गेले. पुण्याचा भाचा नेमका कामासाठी शहरात आलेला होता, बँकेतला, घाईतला. गल्लीतले पाच-दहा पुरुष, दोन-चार बायका. सगळं रीतीनं झालं. शववाहिका दाराशी लागली, बाईंना आत ठेवलं. आत दोन बाजूंना पत्र्याचे बाक होते. पुरुष मंडळी आपापल्या स्कूटरी काढायला लागली.

ड्रायव्हर मागचं दार धरून उभा होता. "मयताजवळ कुणी बसनार का? एकटं नेत नसतेत."

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. भाच्यानं स्कूटरला किक मारता मारता हात हलवला. "आहे, आहे. माणूस आहे. चला तुम्ही."

ड्रायव्हरनं आत एक नजर टाकली, मान डोलावली आणि दार लावलं.

मी जाऊन गाडीपुढे उभी राहिले.

"काय झालं मॅडम?" भाच्यानं विचारलं.

"कोण माणूस आहे आत?"

"अहो, म्हणजे... असंच म्हटलं. येतोय ना आम्ही मागून."

"मग तसं सांगा. म्हणा, इथं कुणी नाही."

"मॅडम, ही वेळ आहे का?"

"हीच आहे. मोठ्यानं म्हणा, मी बाजूला होते."

गल्लीतले एक आजोबा पुढे आले. "बाई, असं आडवं येऊ नये. मयत खोळंबतंय."

"मग लवकर म्हणायला सांगा त्यांना."

भाचा लाल झाला. सगळी गल्ली बघत होती. त्यानं स्कूटर बंद केली, ड्रायव्हरकडे न बघता, बंद दाराकडे तोंड करून म्हणाला, "इथं कुणी नाही. झालं समाधान?"

"झालं. उघडा हो दार."

"बायका येत नसतात तिकडं," आजोबा म्हणाले.

"येत नसतील. मी चालले."

मी साडी सावरून वर चढले. बाईंच्या डोक्याशी, उजव्या बाकावर टेकले. गाडी सावलीत उभी होती, सकाळचं ऊन अजून गल्लीत उतरलं नव्हतं. पत्रा गरम होता.

मी उठले नाही. पिशवी मांडीवर घेतली. ड्रायव्हरनं दार लावलं आणि आम्ही निघालो. रस्ता खडबडीत होता. प्रत्येक धक्क्याला माझा खांदा कशाला तरी लागल्यासारखा व्हायचा आणि मी तिथेच घट्ट बसून राहायचे, सरकायचे नाही. आयुष्यभर मी लोकांना जागा करून दिली, त्या वाटेवर नाही दिली. बाईंना सांगावं असं वाटलं, की तुमची जागा पुरते आहे. बोलले नाही. बडबड त्यांना आवडायची नाही.

स्मशानाशी गाडी थांबली. ड्रायव्हरनं मागचं दार उघडलं. मी उतरले, दोन पावलं बाजूला झाले. तो दार धरून तसाच उभा राहिला, आत बघत. कुणी म्हातारं माणूस सावकाश उतरत असलं की आपण थांबतो, तेवढा वेळ. मग त्यानं अंग चोरून वाट दिली.

"उतरले का सगळे?" त्यानं मला विचारलं.

मी आत वाकून बाकावर हात ठेवला. पत्रा गार होता.

"उतरले," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शाळा होती. मी नेहमीच्या बसला गेले आणि बाईंची नेहमीची सीट धरली, खिडकीची. शेजारी कुणी नव्हतं. कंडक्टर नवीन होता. तो मागून तिकिटं फाडत माझ्यापाशी आला, माझ्याकडे बघितलं, मग शेजारच्या जागेकडे.

"एक?"

"एक," मी म्हणाले.

छावणीच्या थांब्यावर एक बाई चढली, डोक्यावर गाठोडं. मधल्या वाटेनं येऊन माझ्यापाशी थांबली. "ताई, कुणी हाय का इथं?"

"नाही, कुणी नाही. बसा," मी म्हणाले. "लवकर बसा."